स्विच दाबला, ‘टक’ वाजलं नाही: मोटरहोमच्या डॅशबोर्डमागच्या वायरींपर्यंत पोचायचं कसं

ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, मेदर कॅम्पग्राउंडमध्ये, ऑक्टोबरातली सकाळ. जवळजवळ ७००० फूट उंची आणि रात्रभर कडाक्याची थंडी. चहा झाला, खुर्च्या आत टाकल्या, नवऱ्याने मोटरहोमची, म्हणजे आत राहायचं घर असलेल्या आमच्या गाडीची, चावी फिरवली. इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प झालं. म्हटलं, घाबरायचं कारण नाही, अशा वेळेसाठीच तर डॅशबोर्डवर ‘ऑक्स स्टार्ट’ लिहिलेलं बटण आहे. ते दाबून धरलं की घराच्या बॅटऱ्या इंजिनाच्या मदतीला येतात आणि पुढच्या बाजूला कुठेतरी ‘टक’ असा आवाज येतो. मी बटण दाबलं. आवाज नाही, काही नाही. शेवटी शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी जंपर केबल लावून आम्हाला सोडवलं.

फीनिक्सला परत आल्यावर दुरुस्तीची चौकशी केली, तर तासाला १७५ डॉलर आणि नंबर तीन आठवड्यांनी. मग मी स्वतःच डॅशबोर्ड उघडला. एक पॅनेल मोडलं, एक शनिवार वाया गेला आणि दोष सापडला तो जेमतेम पाव इंच लांबीच्या एका टोकात. तुमचा शनिवार वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

आमची गाडी २००६ सालची, २९ फुटी, सेकंडहँड घेतलेली. फोर्डच्या एफ-५३ चॅसिसवर, म्हणजे चाकांसकटच्या तयार सांगाड्यावर, बांधलेली, ६.८ लिटरचं व्ही-१० पेट्रोल इंजिन दोन सीटच्या मधल्या उंचवट्याखाली. या उंचवट्याला इथे ‘डॉगहाउस’ म्हणतात. तुमची गाडी वेगळी असेल तर स्क्रूंच्या जागा वेगळ्या असतील, पण कामाचा क्रम हाच राहील.

१. आधी ठरवा, दोष डॅशबोर्डमागेच आहे का

मोटरहोममध्ये बॅटऱ्यांचे दोन संसार असतात. एक इंजिनाचा: स्टार्टर, हेडलाइट, वायपर. दुसरा घराचा: आतले दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा. रात्री दिवे जळत राहिले तरी सकाळी इंजिन सुरू व्हावं म्हणून हे दोन्ही वेगळे ठेवतात. मधे असतो एक सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा मोठा दणकट स्विच (रिले). डॅशबोर्डवरचं बटण या सोलेनॉइडला फक्त इशारा देतं. इंजिन फिरवणारा शेकडो अँपिअरचा करंट जाड केबलमधून जातो, बटणातून नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धा शोध घरबसल्या होतो.

पहिली गोष्ट, घराच्या बॅटऱ्या तरी भरलेल्या आहेत का? गाडी उभी असताना, चार्जर बंद करून, मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे ती स्वतःच आजारी आहे, दुसऱ्याला काय हात देणार! दाराजवळचा बॅटरी तोडणारा स्विच चुकून बंद नाही ना, तेही बघा. या एका स्विचने मी ओळखीच्या दोन कुटुंबांना घाम फोडलेला पाहिला आहे.

मग पुढचं बॉनेट उघडून सोलेनॉइड शोधा. दोन जाड केबल ज्यावर बसतात, तो मुठीएवढा डबा. आत कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि तुम्ही कान द्या.

‘टक’ वाजलं, पण इंजिनाला मदत मिळत नाही, तर सोलेनॉइडच्या आतले पॉइंट जळलेले असणार. दोन्ही जाड बोल्टवर आळीपाळीने व्होल्ट मोजा. बटण दाबल्यावर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे झाले पाहिजेत. झाले नाहीत तर सोलेनॉइड बदला. डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही.

‘टक’ वाजलं नाही, तर सोलेनॉइडच्या बारीक बोल्टवर मीटर लावून बटण दाबायला सांगा. तिथे १२ व्होल्ट येत असतील तर कॉइल किंवा तिचं अर्थिंग गेलंय. येत नसतील तर फ्यूज, वायर किंवा स्विच. फ्यूज बघा. गाडीत फ्यूजच्या दोन पेट्या असतात, एक चॅसिसची आणि एक घराची. मी पहिल्या दिवशी भलतीच पेटी तपासत बसले होते. फ्यूज ठीक निघाला की मगच डॅशबोर्ड उघडायचा.

एक इशारा इथेच देते. सोलेनॉइडच्या जाड बोल्टवर कायम करंट असतो. पाना घसरून दोन बोल्टांना किंवा एका बोल्टाला आणि पत्र्याला टेकला, तर पाना लाल होऊन तिथेच चिकटतो. अंगठी, धातूचं घड्याळ, सोन्याच्या बांगड्या काढून ठेवा. मंगळसूत्र लांब असेल तर तेही काढा. वाकल्यावर ते नेमकं पुढे लोंबतं. सोनं विजेचं उत्तम वाहक आहे, आणि १२ व्होल्टचा झटका बसत नसला तरी तापलेली अंगठी बोट भाजते.

२. कागद जमवा, आणि साल नीट बघा

मोटरहोमचे बाप दोन. चॅसिस आणि इंजिन एका कंपनीचं, त्यावरचं घर आणि बहुतेक वेळा डॅशबोर्डचं कवच दुसऱ्या कंपनीचं. त्यामुळे वायरिंगचे नकाशेही दोन. हेडलाइट आणि वायपरच्या वायरी चॅसिसच्या नकाशात मिळतील, ऑक्स स्टार्ट, पडदे, जनरेटर, मागचा कॅमेरा यांच्या वायरी घर बांधणाऱ्याच्या नकाशात.

यात एक गोम आहे. आधी चॅसिस तयार होते, मग तिच्यावर घर चढतं. त्यामुळे गाडी कागदावर २००६ ची असली तरी चॅसिस अनेकदा २००५ ची असते. सुटे भाग मागवताना फक्त गाडीचं साल सांगितलं तर चुकीची वस्तू दारात येते. ड्रायव्हरच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर चॅसिसचं साल आणि नंबर असतो, घराचा अनुक्रमांक वेगळ्या पट्टीवर. दोन्हीचे फोटो काढून ठेवा.

हाताशी हवेत ते कागद:
- चॅसिसचं मॅन्युअल आणि फ्यूजपेटीचा तक्ता
- घर बांधणाऱ्याचा वायरिंगचा नकाशा (अनुक्रमांक कळवल्यावर ग्राहक विभागाकडून बहुधा मिळतो)
- वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी. चालू असताना स्वतः उघडू नका
- आधीच्या मालकाने काही जोडलं असेल तर त्याची नोंद, निदान त्याचा फोन नंबर

शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. आमच्या डॅशबोर्डमागे कुठेच न जाणाऱ्या तीन वायरी निघाल्या. आधीच्या मालकाने ट्रेलरच्या ब्रेकचं यंत्र बसवलं होतं आणि विकताना काढून घेतलं होतं.

३. हत्यारं

- मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प. दोन्ही हवेत, का ते पुढे येईल.
- २ नंबरचा चौकोनी खाचेचा स्क्रू ड्रायव्हर. मोटरहोम बांधणाऱ्यांना चौकोनी खाचेच्या स्क्रूंचं भारी वेड आहे. सोबत २ नंबरचा फिलिप्स आणि टॉर्क्सचा एक संच.
- प्लास्टिकच्या पट्ट्या, पॅनेल उचकटायला. चपटा स्क्रू ड्रायव्हर वापराल तर त्याचा ओरखडा गाडी विकेपर्यंत तुमच्याकडे बघत राहील.
- डोक्याला बांधायचा दिवा, लांब दांड्याचं चुंबक, छोटा आरसा.
- निळी रंगाऱ्याची टेप आणि मार्कर.
- बुटाच्या खोक्याचं झाकण.
- क्रिंपिंगची (टर्मिनल वायरीवर चेपून बसवायची) पक्कड, पाव इंची स्पेड टर्मिनल (वायरीच्या टोकाला बसणारे चपटे धातूचे तुकडे), आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी.
- जुनी उशी. पाठीखाली घ्यायला. हसू नका, पेडलपाशी उलटं पडून तासभर काम केलंत की कळेल.

घरोघरी असतो तो पारदर्शक दांड्याचा, निऑनचा टेस्टर इथे चालत नाही. तो घरातल्या विजेवर पेटतो, १२ व्होल्टवर पेटत नाही. तो पेटला नाही म्हणून वायर मेली आहे, असं समजू नका.

४. करंट बंद करा, आणि या क्रमाने

साध्या कारमध्ये बॅटरीची निगेटिव्ह काढली की झालं. मोटरहोममध्ये करंट चार-पाच दारांनी आत येतो. घराच्या बॅटऱ्या सोडवल्या आणि कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाची केबल तशीच लावलेली राहिली, तर कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेपासून १२ व्होल्ट करणारा डबा) १२ व्होल्टच्या वायरी जिवंत ठेवतो. छतावर सोलर असेल तर दिवसाउजेडी तोही.

आधी जनरेटर बंद करा. तो आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर तीही बंद करा. मग खांबाची केबल काढा, इन्व्हर्टर बंद करा. सोलर पॅनेलची वायर कंट्रोलरपासून तोडा. हे बॅटरी सोडवण्याच्या आधी करायचं, नंतर नाही. बॅटरी नसताना पॅनेलचा व्होल्टेज थेट अंगावर आला तर कंट्रोलर बिघडू शकतो. मग इंजिनाच्या बॅटरीची निगेटिव्ह, मग घराच्या बॅटऱ्यांची निगेटिव्ह. आमच्याकडे या बॅटऱ्या दाराच्या पायऱ्यांखाली आहेत, ६ व्होल्टच्या दोन, एकीला एक जोडून १२ केलेल्या. अशी जोडी असेल तर मधली जोडणारी केबल नव्हे, गाडीच्या सांगाड्याकडे जाणारी निगेटिव्ह काढायची. काढण्याआधी फोटो घ्या. सुटलेल्या केबलच्या टोकाला कापड गुंडाळा.

घराची वीज गेली की गॅस गळतीचा अलार्मही बंद पडतो. म्हणून टाकीवरचा प्रोपेनचा कॉक बंद करा. चाकांना उटी, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून अडसर, लावा.

तुमची गाडी मोठ्या बसच्या तोंडाची नसून व्हॅनवर बांधलेली असेल, म्हणजे फोर्ड ई-सिरीज, ट्रान्झिट, स्प्रिंटर यांपैकी, तर स्टिअरिंगमध्ये आणि बहुधा समोरच्या सीटपुढेही एअरबॅग असते. बॅटरी सोडवल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ चार्ज राहतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा, आणि पिवळ्या कनेक्टरला मीटरसुद्धा लावू नका. त्याच्याआड काम असेल तर सरळ मेकॅनिकला बोलवा. यात मला कुणाचं शौर्य बघायचं नाही.

डिझेल पुशर, म्हणजे डिझेल इंजिन मागे असलेली मोठी मोटरहोम, असेल तर डॅशबोर्डवरच्या हवेच्या ब्रेकच्या पिवळ्या बटणाशी खेळू नका, आणि जुन्या गाड्यांत काही मीटरांमागे वायरींऐवजी हवेच्या नळ्या असतात, त्या ओढू नका.

५. स्क्रू शोधणं: खरं काम हेच

मी पॅनेल मोडलं ते या पायरीवर. सहा स्क्रू काढले, पॅनेल सगळीकडून हललं, फक्त उजवा कोपरा अडला. वाटलं, क्लिप असेल. जोर लावला. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला आणि कोपऱ्यातून बोटभर तडा गेला. सातवा स्क्रू एसीच्या झरोक्याच्या आत होता, झरोका काढल्याशिवाय न दिसणारा.

तेव्हापासून माझा नियम असा: पॅनेल अडलं की हात मागे. मग सगळ्या कडेने तळहाताने हळू दाबत जायचं. जिथे प्लास्टिक किंचित आत जातं तिथे मागे काही नाही. जिथे जात नाही, तिथे स्क्रू किंवा क्लिप आहेच.

स्क्रू लपतात त्या जागा, माझ्या अनुभवाच्या क्रमाने:

छोट्या गोल प्लास्टिकच्या टोप्यांखाली. नखाने निघतात, उडून डॉगहाउसच्या फटीत जातात.

दोन पॅनेलच्या मधल्या रबरी किंवा व्हिनाइलच्या पट्टीखाली. ही पट्टी खाचेत दाबून बसवलेली असते. एका टोकापासून हळूच सोला. खाली ओळीने स्क्रू दिसतील.

कपहोल्डरच्या तळाशी, चटईच्या गोल तुकड्याखाली.

एसीच्या झरोक्यांत. झरोका पूर्ण एका बाजूला वळवला की बाजूच्या खाचेत प्लास्टिकची पट्टी घालून तो बाहेर काढता येतो.

रेडिओच्या चौकटीमागे.

आणि खालून, गुडघ्यांच्या वर, जिथे बघायला उताणं पडावं लागतं.

मीटरवरचा उंच भाग, ज्याला इथले लोक डॅशचं कुबड म्हणतात, तो बऱ्याच गाड्यांत काचेच्या बाजूच्या दोन-तीन स्क्रूंवर आणि पुढे क्लिपांवर बसतो. काही गाड्यांत तो बिजागरीवर उचलता येतो. तुमच्या गाडीत तशी सोय असेल तर निम्मं काम वाचलं. आणखी एक वाट: बॉनेट उघडून आत बघा. काही गाड्यांत वायपरच्या मोटरजवळून डॅशबोर्डची पाठ दिसते आणि हात थेट स्विचपर्यंत जातो. पॅनेल काढण्याआधी हे बघायला दोन मिनिटं लागतात. मी बघितलं नव्हतं.

काढलेल्या स्क्रूंचं काय करायचं? बुटाच्या खोक्याच्या झाकणावर पॅनेलचं ओबडधोबड चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचा. वाटीत गोळा करू नका. कारण लांबी सारखी नसते. आमच्या पॅनेलला पाऊण इंची पाच आणि दोन इंची दोन स्क्रू होते. दोन इंची स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर तो मागच्या वायरींच्या जुडग्यात घुसतो, आणि मग आज दुरुस्त केलेल्या गाडीत नवा बिघाड तुम्हीच पेरलेला असतो.

उन्हाची एक गोष्ट. आमच्या वसाहतीत मोटरहोम दारात लावायला बंदी आहे, त्यामुळे ती भाड्याच्या उघड्या आवारात उभी असते, सावली नाही, प्लग नाही. ॲरिझोनाच्या उन्हात वर्षानुवर्षं भाजलेलं प्लास्टिक पापडासारखं मोडतं. दुपारी ते मऊ वाटतं, पण हात भाजतो. हिवाळ्याच्या पहाटे ते काचेसारखं ताठ असतं. सकाळी नऊ-दहाची वेळ मला मानवली. थंडीच्या मुलखात असाल तर आधी गाडी आतून थोडी गरम करून घ्या.

६. पॅनेल बाहेर काढणं

खालच्या कडेपासून सुरू करा. प्लास्टिकची पट्टी क्लिपच्या शक्य तितक्या जवळ घालून उचका, म्हणजे जोर पॅनेलवर न येता क्लिपवर येतो. दोन इंच बाहेर आलं की थांबा. मागे वायरी किती सैल आहेत ते दिव्याने बघा, तसाच मोबाइल आत घालून चार फोटो काढा. वायरींना बांधलेली प्लास्टिकची टाय आड येत असेल तर कापा. वायर ओढू नका.

पॅनेल वायरींवर लोंबकळू देऊ नका. मी ओढणीने स्टिअरिंगला बांधून ठेवलं होतं.

एसीच्या बटणांमागे वायरींसोबत बारीक रंगीत नळ्या दिसल्या तर त्या व्हॅक्यूमच्या आहेत. जुन्या गाड्यांत वारा कुठल्या झरोक्यातून यायचा ते या नळ्या ठरवतात. एखादी निसटली तर वारा सगळा वर काचेकडे जातो आणि समोरचे झरोके मुके होतात. फीनिक्सच्या जुलैमध्ये हा बिघाड मूळ बिघाडापेक्षा महाग पडेल.

७. स्विच काढणं

मोटरहोमचे बहुतेक स्विच झुलत्या पट्टीचे असतात, दोन बाजूंच्या खटक्यांवर पॅनेलमध्ये चेपून बसवलेले. ते मागूनच काढायचे: दोन्ही खटके बोटांनी आत दाबायचे आणि स्विच पुढे ढकलायचा. पुढून उचकटला तर पॅनेलच्या भोकाची कड तुटते आणि मग नवा स्विचही डगमगतो. माझे हात लहान आहेत म्हणून हे काम आमच्या घरात माझ्याकडे आलं. नवऱ्याचा पंजा त्या फटीत जातच नाही.

वायरी काढण्याआधी फोटो. मग प्रत्येक वायरीला निळ्या टेपचा झेंडा लावून त्यावर स्विचच्या मागे कोरलेला आकडा लिहा. आकडे फार बारीक असतात, मोबाइलने मोठे करून वाचा. रंगावर भिस्त ठेवू नका. आमच्या एका स्विचला दोन वायरी एकाच जांभळ्या रंगाच्या होत्या. टर्मिनल काढताना वायर नव्हे, धातूचं टोक चिमट्याने धरा आणि हलकेच डावीकडे-उजवीकडे करत काढा.

८. तपासणी, आणि मला फसवणारं १२.४

आधी स्विच हातात घेऊन. मीटर ओहमवर ठेवा, दोन मुख्य टोकांना लावा, बटण दाबा. आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे आणि सोडल्यावर जोड तुटली पाहिजे. दहा-वीस वेळा दाबून बघा. कधी येतो, कधी येत नाही, असा स्विच बाद. आमचा स्विच चोख निघाला.

मग वायरींची पाळी. आता करंट परत लागेल. सुटी टोकं एकमेकांना आणि पत्र्याला लागणार नाहीत अशी टेप लावून दूर ठेवा आणि फक्त घराच्या बॅटऱ्या जोडा. स्विचकडे येणाऱ्या वायरीवर मीटरचं लाल टोक, काळं टोक चांगल्या अर्थिंगवर. माझ्या मीटरवर १२.४ व्होल्ट आले. वायर ठीक, स्विच ठीक, मग दोष कुठे? तासभर मी उलट्या दिशेला, सोलेनॉइडकडे शोधत राहिले.

चूक ही की मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीचा एक तंतू जरी टिकून असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. म्हणून टेस्ट लॅम्प. त्याचा दिवा खरा करंट मागतो. त्याच वायरीवर दिवा लावला तर आतली तार देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखी मंद तांबूस झाली, बस. टर्मिनलमागचं प्लास्टिक सोललं तेव्हा तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या, आणि टर्मिनलच्या पकडीत सगळ्या मिळून चार तारा. बाकीच्या कापल्या जाऊन बाजूला. कारखान्यात क्रिंपिंग वाकडं झालं असेल किंवा नंतर कुणी केलं असेल. इतकी वर्षं चार तारांवर निभावलं.

तुमच्या बाबतीत दिवा लख्ख पेटला तर स्विच परत जोडून, बटण दाबलेलं ठेवून, स्विचच्या दोन टोकांमधला व्होल्ट मोजा. तो ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त आला तर स्विच आतून जळत चालला आहे, ओहममध्ये तो कितीही सज्जन दिसला तरी.

आता रंगांविषयी, कारण आपली मंडळी इथे हटकून गोंधळतात. भारतातल्या जुन्या घरांत काळी वायर म्हणजे न्यूट्रल, हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे जिवंत, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. मोटरहोमच्या घराच्या १२ व्होल्टमध्ये काळी अनेकदा पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते. आणि त्याच डॅशबोर्डमागे चॅसिसच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे बहुधा अर्थिंग! तिन्ही रीती एका हाताच्या अंतरावर. म्हणून रंग बघून काही ठरवायचं नाही, मोजून ठरवायचं. पिवळ्या किंवा पांढऱ्या जाड कवचातली चपटी केबल दिसली तर ती १२० व्होल्टची समजा आणि तिला सोडून द्या.

९. दुरुस्ती

तांबं चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे कापा. आमची दीड इंच कापावी लागली, सुदैवाने तेवढी सैल होती. कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा जोडा. अमेरिकी गेजमध्ये आकडा लहान तितकी वायर जाड. १६ च्या जागी १८ चालणार नाही, १४ चालेल. हीट श्रिंकची नळी आधी वायरीत ओवा, मग टर्मिनल क्रिंप करा. हा क्रम मी दोनदा विसरले. क्रिंप केल्यावर वायर ओढून बघा, निघाली तर आत्ताच निघू दे. साध्या पक्कडीने चेपलेलं टर्मिनल रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होतं, क्रिंपिंगचीच पक्कड घ्या. घरातल्या विजेसाठीच्या पिळून बसवायच्या टोप्या इथे नकोत. वायरीला चावा घेऊन जोड काढणारे निळे चिमटे मागे दिसले तर तिथेही संशय घ्या, त्यांच्यात गंज लवकर शिरतो.

फ्यूज उडाला असेल तर त्याच आकड्याचा घाला. रंग लक्षात ठेवायला सोपे: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. पुन्हा उडला तर मोठा घालायचा नाही, कारण शोधायचं. आणि मागे एकापेक्षा जास्त वायरींचं कवच वितळलेलं दिसलं किंवा जळका वास आला, तर इथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा.

१०. बंद करणं

स्क्रू लावण्याआधी सगळं चालवून बघा. घराच्या बॅटऱ्या, मग इंजिनाची, शेवटी सोलर. ऑक्स स्टार्टचं बटण दाबलं आणि पुढून ‘टक’ आवाज आला, तेव्हा बॉनेटपाशी उभ्या नवऱ्याने आतल्या सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली. वस्ती म्हणजे मी आणि शेजारच्या चार रिकाम्या गाड्या.

मग बाकीचं: इंडिकेटर, वायपर, हॉर्न, मागचा कॅमेरा, एसीचा वारा सगळ्या झरोक्यांतून येतोय का. एखादं चालत नसेल तर तुमच्याच हाताने काहीतरी निसटलं आहे, आणि ते आत्ता शोधणं सोपं आहे. इंजिन पहिली काही मिनिटं थोडं वर-खाली बोललं तर घाबरू नका, बॅटरी सोडवल्यावर संगणक पुन्हा शिकत असतो. रेडिओची स्टेशनं मात्र परत लावावी लागतील.

वायरी टायने बांधा, पत्र्याच्या धारदार कडेवरून जात असतील तिथे रबरी कडी घाला. पॅनेल खडखडत असेल तर कडेला फेल्टची पट्टी चिकटवा. स्क्रू हातानेच पिळा, ड्रिलने नाही. प्लास्टिकमधलं भोक एकदा भुसभुशीत झालं की स्क्रू फिरत राहतो. आधी सगळे अर्धे, मग सगळे पूर्ण. मागे लाकूड असेल आणि भोक सैल झालं असेल, तर आगकाडीचा तुकडा गोंद लावून भोकात घाला आणि वाळल्यावर स्क्रू पिळा.

आमच्या तडा गेलेल्या कोपऱ्याला मी मागून इपॉक्सी लावून फायबरची पट्टी बसवली. पुढून रेघ दिसते. पॅनेलच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय: ‘सात स्क्रू. सातवा झरोक्यात.’